पडदा काळा, पण संगणक जागा!

मुळशी खोऱ्यात पाऊस सुरू झाला की तारे दिसणे दुर्मीळ होते. म्हणून पौडजवळच्या एका शाळेतील मुलांनी संगणकावर आकाश पाहायचे ठरवले. स्टेलॅरियम हा आकाशदर्शनाचा विनामूल्य प्रोग्राम लिनक्सवर चालतो. पण शाळेचा संगणक जुना, त्यावर तारे अडखळत सरकत. मुलांनी रद्दी विकून पैसे जमवले, एक वापरलेले ग्राफिक्स कार्ड आणले आणि सरांच्या देखरेखीखाली बसवले. बटण दाबले. क्षणभर अक्षरे उमटली आणि पडदा काळा झाला!

"कार्ड जळालेले निघाले," असे सर्वांचे मत पडले. मी गेलो तेव्हा मुले हिरमुसली होती. मी म्हटले, "मत नंतर. आधी पुरावा पाहू."

साखळीच्या पाच कड्या

घरातला दिवा लागला नाही, तर आपण शेजारी उजेड आहे का पाहतो, मग फ्यूज, मग दिवा. संगणकाचेही तसेच. बटण दाबल्यावर प्रथम मदरबोर्डवरचा कायमचा प्रोग्राम जागा होतो. तो ग्रब नावाच्या प्रोग्रामला बोलावतो. ग्रब लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणतो. कर्नल कार्डाचा ड्रायव्हर सुरू करतो. शेवटी डेस्कटॉप दिसतो. आता यातली कोणती कडी तुटली?

पुरावा पहिला : मॉनिटरची केबल नव्या कार्डालाच जोडलेली होती. (पुष्कळदा ती जुन्याच जागी राहते व सारा घोटाळा तेवढाच असतो!) ग्रबची यादी पडद्यावर स्वच्छ दिसत होती. म्हणजे मॉनिटर, केबल आणि कार्ड निदान चित्र दाखवण्यापुरते ठीक होते. कार्ड पूर्ण जळाले असते, तर ही यादी दिसलीच नसती.

पुरावा दुसरा : पडदा काळा असताना कॅप्स लॉकची कळ दाबली. कीबोर्डवरचा दिवा लागला, पुन्हा दाबताच विझला. म्हणजे कर्नल काम करीत होता.

पुरावा तिसरा : कंट्रोल, ऑल्ट व एफ-3 या कळा एकदम दाबल्या. केवळ डेस्कटॉप बिघडला असता, तर येथे साधी अक्षरे दिसली असती. ती दिसली नाहीत. संशय उरला तो ड्रायव्हरवर.

आता पडताळा

ग्रबच्या यादीवर 'ई' ही कळ दाबली. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत, सलग लिहिला आणि एफ-10 दाबले. या शब्दाने कर्नलला आज्ञा मिळते, की कार्डाचा खास ड्रायव्हर वापरू नकोस, साध्या चित्रावर भागव. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो, म्हणून प्रयोगाला निर्धोक. पडदा उजळला! चित्र ओबडधोबड होते, पण अनुमान खरे ठरले.

मग कर्नलने मागच्या वेळी नोंदवलेले संदेश वाचले. तेथे स्पष्ट लिहिले होते, की फर्मवेअर मिळाले नाही. ग्राफिक्स कार्ड हा स्वतःच एक लहान संगणक असतो. अनेक कार्डांना प्रत्येक वेळी सुरू होताना सूचनांची एक फाइल द्यावी लागते, तेच फर्मवेअर. जुन्या अंगभूत ग्राफिक्सला तिची गरज नव्हती, नव्या कार्डाला होती. लिनक्सच्या काही वितरणांत अशा फाइली वेगळ्या ठेवीत, कारण त्यांचा मूळ मजकूर खुला नसतो. डेबियनने 2023 मधील 12व्या आवृत्तीपासून त्या स्थापनेच्या संचातच घेतल्या. आम्ही ते पॅकेज बसवले, संगणक पुन्हा सुरू केला आणि बाहेर धो धो पाऊस असताना पडद्यावर वृश्चिक उगवला!

पाहा, 'जळालेले' कार्ड फेकून दिले असते तर? दोष एका फाइलच्या अभावाचा होता.

हे करून पाहा

तुमच्या शाळेतील चालू लिनक्स संगणकावर टर्मिनल उघडा. एल, एस, पी, सी, आय ही पाच लहान इंग्रजी अक्षरे सलग लिहा, जागा सोडून वजाचिन्ह व लगेच 'के' लिहा आणि एंटर दाबा. संगणकाच्या अनेक भागांची व त्यांच्या ड्रायव्हरांची यादी येईल. ग्राफिक्सचा ड्रायव्हर वहीत टिपून ठेवा. पुढे कधी भाग बदललात, तर प्लग काढूनच पेटी उघडा, एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदल लिहून ठेवा. प्रयोगशाळेतही आपण हेच करतो, नाही का?