आधी आजीचं माहेर शोध

अगं, मुलांच्या सुट्टीत सगळे मिळून येताय, गाडी करून कोकणात जाणार, खापरपणजोबांची कबर शोधणार, हे ऐकून इतकं बरं वाटलं! पण फोनवर तुझ्या घरातले सगळे एकदम बोलत होते, तेव्हा कामाचं राहूनच गेलं. ते आता लिहितेय. ठाण्यात राहून मी इस्रायलहून आलेल्या इतक्या नातलगांबरोबर या वाटेवर फिरलेय की कोण कुठे अडकणार ते आता मला आधीच कळतं.

अडकतात ते आडनावापाशी. आपल्या बेने इस्रायल ज्यूंची आडनावं गावांवरून पडली. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, झिराडचे झिराडकर. मग जो येतो तो थेट त्या गावात उतरतो, पाटीजवळ फोटो काढतो आणि विचारतो, आमच्या लोकांच्या कबरी कुठायत? बहुतेक वेळा त्या तिथे नसतात. आडनाव एवढंच सांगतं की कधीकाळी आपला तेलाचा घाणा त्या गावात होता. अठराव्या शतकापासूनच आपली माणसं घाणा सोडून मुंबईला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत जायला लागली होती. सामाजी हसाजी दिवेकरांचंच बघ. आडनाव कोकणातलं, नोकरी पलटणीतली, १७९६ मध्ये मुंबईत आपली पहिली मशीद, म्हणजे सिनेगॉग, बांधली ती त्यांनी, आणि पुढच्याच वर्षी मरण आलं ते कोचीनला.

म्हणून माझं ऐक, आडनावाचं गाव दुसऱ्या दिवसावर ठेव आणि आधी आजीचं माहेर शोध. बाबांकडच्या पुरुषांची नावं कागदावर मिळतात, पण ती फसवी असतात. गावात जो सामाजी तोच पलटणीत सॅम्युएल, आणि ‘कर’ गळून वडिलांचं नावच आडनाव झालेलं. एकाच घरातले दोन भाऊ दोन आडनावांनी सापडतात. आजीचा धागा बारीक असतो खरा, पण एकदा हाती लागला की तुटत नाही. केतुबेत, म्हणजे लग्नाच्या करारपत्रात, नवरीच्या बापाचं नाव असतंच. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरचं, त्यामुळे कितीतरी आजोबा-पणजोबांचा जन्म आडनावाच्या गावात नाही, आईच्या माहेरी झालेला असतो. तेव्हा तुझ्या कपाटात आईची, मावशीची केतुबा असेल तर तिचा आजच फोटो काढ. जुन्या तनाखची, आपल्या धर्मग्रंथाची, पहिली कोरी पानंही बघ. जन्म-मृत्यू लिहून ठेवायची आपल्या लोकांची जागा तीच.

आणि डिमोनाच्या मावशीला विचारताना “आपले पूर्वज कोण गं?” असं विचारू नकोस. त्यावर ती फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या सात जोडप्यांची गोष्ट सांगेल आणि चहा टाकायला उठेल. लहानपणी सुट्टीत कुणाकडे जायचीस, एलियाहू हन्नबीच्या नावाचा मलिदा कुणाच्या घरी व्हायचा, वऱ्हाड कुठल्या गावाला गेलं होतं, असलं विचार. नावं आपोआप बाहेर येतात. फोनवरचं रेकॉर्डिंग मात्र चालू ठेव, कारण दुसऱ्यांदा विचारलंस की तिला वेगळीच नावं आठवतात. ती खोटी नसतात हं, फक्त दुसऱ्या बाजूची असतात.

मुंबईत वरळी आणि माझगाव ही आपली कबरस्तानं. चिंचपोकळीचं बगदादी ज्यूंचं, ससून घराण्यानं दिलेलं. तिथे बघायला जा, पण आपल्या पणजोबांना शोधत बसू नकोस. मग पनवेलवरून पेण, तिथली मशीद १८६३ ची. वडखळवरून पोयनाड, अलिबाग. अलिबागेत ‘इस्रायल आळी’ विचार, कुणीही हात करून दाखवेल. तिथल्या मागेन अबोथ मशिदीची स्थापना १८४८ ची, आताची इमारत १९१० ची. पुढे चौल करून रेवदंडा, तिथली बेथ एल १८४२ ची. मशिदीची किल्ली कुणाकडे असते ते निघण्याआधी फोन करून विचारायचं. कुलपाशी जाऊन उभं राहण्यात अर्धा दिवस जातो.

सोमवार ते गुरुवार एवढेच दिवस धर. शुक्रवारी दुपारपासून मुंबई-पुण्याची सगळी गर्दी अलिबागच्या रस्त्यावर असते, आणि शाबाथला कबरस्तानात आपण जातच नाही. जावईबापूंना गाडी हाकायचा कितीही उत्साह असो, ड्रायव्हर घ्या. तिकडे उजव्या बाजूनं चालवायची सवय, आणि इकडे वडखळचा रस्ता! परतताना मांडव्याहून रो-रोनं गाडीसकट भाऊच्या धक्क्याला उतरा, मुलं खूश होतील. तारखा डिसेंबर-जानेवारीतल्या बघ. पाऊस संपल्या संपल्या आलात तर कबरी कमरेएवढ्या गवतात असतात, आणि गवतात काय असतं ते तुला मी सांगायला नको.

दगड वाचताना खडू घासू नकोस, तारेच्या ब्रशला तर हातही लावू नकोस. अक्षर दिसत नसेल तर पाणी शिंपड आणि मोबाइलची बॅटरी बाजूनं, तिरपी मार. सकाळी लवकर गेलात तर उन्हाचाच तसा उपयोग होतो. अनेक दगडांवर मराठी आणि हिब्रू दोन्ही असतं. इथे तुझी मुलं कामाला लाव. मराठी वाचता येत नाही म्हणून ती गाडीत बसून कंटाळतात ना? हिब्रू ओळी त्यांना वाचू दे, मराठी तू वाच. हिब्रू अक्षरांतल्या सालात हजाराचा आकडा बहुधा गाळलेला असतो. उरलेल्या आकड्यात १२४० मिळवले की इसवी सन येतं. ६७० असेल तर १९१०. फक्त महिना तिश्रीपासून डिसेंबरपर्यंतचा असेल तर एक वर्ष कमी धर. हा हिशेब मोठ्याकडे दे, कबरीवर खडा ठेवायचं धाकटीकडे.

नवगावला नक्की जा, पण तिथे नाव शोधायला नको. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना इथे पुरलं, ही आपली परंपरा. पुरुषांचा ढिगारा वेगळा, बायकांचा वेगळा, नावं कुठेच नाहीत. हश्काबा, मृतांसाठीची प्रार्थना, म्हणा आणि निघा. वंशवेलीच्या तक्त्यात सगळ्यात वर त्या सात जोडप्यांतलं एक चिकटवून मोकळे होणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. मधल्या शतकांचा कागद कुणाकडेच नाही, तिथे सरळ रेघ ओढून रिकामी जागा सोडावी. मुलांना शाळेत दाखवायचं असलं तरी.

आणि जमलं तर अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नबीच्या टाप्याशी थांबा. मलिद्याचे पोहे, नारळ, गूळ, वेलची मी ठाण्याहून घेऊन येते, फळं वाटेत घेऊ. एवढा प्रवास करून एकही कबर सापडली नाही असंही होतं, बरं का. तरी मलिदा करायचाच.

विमानाची तिकिटं नंतर काढ. आधी मावशीला फोन कर. दुपारी ती झोपते, संध्याकाळी कर, आणि तिच्या आईचं माहेर कुठलं एवढं एकच विचारून मला कळव.