साहेबांपुढे जाण्याआधी

वाचन : नहेम्या १ आणि २:१-९



नोकरी करणाऱ्याच्या मनात हा प्रश्न कधी ना कधी येतोच : माझं म्हणणं वरच्या साहेबांपर्यंत पोहोचणार कसं? कोणी म्हणतं, पुढेपुढे केल्याशिवाय बढती मिळत नाही. कोणी म्हणतं, आपण गप्प काम करावं, देव बघून घेईल. नहेम्याने या दोन्हीपैकी काहीच केलं नाही. त्याने काय केलं, ते आज बघू या.

नहेम्या शूशन राजवाड्यात अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. राजाच्या हाती पेला देणारा, म्हणजे अगदी भरवशाचा माणूस. इ.स.पू. ४४५ च्या सुमाराची ही गोष्ट. भाऊ हनानी बातमी घेऊन येतो : यरुशलेमेचा तट पडला आहे, वेशी जळाल्या आहेत, लोक हाल सोसत आहेत. नहेम्या बसून रडतो, उपास करतो.

आता अडचण लक्षात घ्या. एज्राच्या ४ थ्या अध्यायात आपण वाचतो की, ते नगर बांधण्याचं काम याच नावाच्या राजाने लेखी हुकूम देऊन थांबवलं होतं. म्हणजे नहेम्याला नुसती परवानगी मागायची नव्हती. खुद्द राजाने दिलेला निर्णय फिरवून घ्यायचा होता. साहेबांनी सही केलेला कागद बदलायला सांगणं किती अवघड असतं, हे ऑफिसात काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

१. आधी देवापुढे
बातमी आली किसलेव महिन्यात, आणि तो राजाशी बोलला नीसान महिन्यात. मध्ये जवळजवळ चार महिने गेले. हे महिने त्याने कुरकुर करण्यात घालवले नाहीत, तो प्रार्थना करत राहिला. त्या प्रार्थनेच्या शेवटी तो एवढ्या मोठ्या सम्राटाला फक्त ‘हा मनुष्य’ म्हणतो. बघा, किती महत्त्वाचं आहे हे! साहेब हा शेवटी माणूसच आहे हे देवापुढे कळलं, की त्याची खुशामतही करावी लागत नाही आणि त्याचा द्वेषही राहत नाही.

२. रोजचं काम आधी बोलतं
नहेम्या पूर्वी कधी राजासमोर उदास दिसला नव्हता. म्हणून त्या दिवशी त्याचा उतरलेला चेहरा राजाच्या लगेच लक्षात आला. जो रोजच तोंड पाडून बसतो, त्याला कोण विचारणार? त्याच्या त्या एका दिवसाच्या शब्दांना वजन आलं, ते आधीच्या रोजच्या प्रामाणिक सेवेमुळे.

३. बोलणं आदराचं आणि खरं
तो फार घाबरला होता, हे तो स्वतःच सांगतो. तरी बोलला. आधी राजाचं शुभ चिंतलं, मग सांगितलं की माझ्या वाडवडिलांच्या कबरा जिथे आहेत ते नगर ओसाड पडलं आहे. जुन्या हुकुमाचा विषय काढला नाही, राजाला दोष दिला नाही. कोणत्याही माणसाच्या काळजाला समजेल असं दुःख पुढे ठेवलं. तुला काय पाहिजे, असं राजाने विचारल्यावर आधी मनातल्या मनात देवाचा धावा केला आणि मगच मागितलं.

४. मागणी तयार होती
किती दिवस लागतील, राजाने विचारलं. नहेम्याने मुदत सांगितली. नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांना देण्यासाठी पत्रं मागितली. राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावे लाकडासाठी पत्र मागितलं, आणि लाकूड कशाकशाला तेही सांगितलं : वेशींना, तटाला, आणि स्वतःच्या राहत्या घराला. स्वतःची गरजही त्याने लपवली नाही. राजाने हे सगळं दिलंच, वर सेनापती आणि घोडेस्वारही दिले. पुढे तट ५२ दिवसांत पुरा झाला.

आपल्याकडे हे कसं लागू होईल? समजा, एखाद्या वॉर्डात रात्रपाळीला सिस्टर कमी पडतात. ‘आमच्यावर अन्याय होतो’ म्हणून मेट्रनकडे जाता येतं. किंवा महिनाभराच्या रात्रींची पेशंटची संख्या लिहून, कोणती पाळी बदलता येईल ते ठरवून, ‘दोन आठवडे करून बघू का, मी जबाबदारी घेते’ असंही म्हणता येतं. दुसरीचं बोलणं ऐकलं जाण्याचा संभव जास्त, नाही का?

आणि नकार आला तर? दानीएलाचा पहिला अध्याय काढा. मुख्य अधिकाऱ्याला त्याच्याविषयी माया होती, पण राजा आपला जीव घेईल ही भीतीही होती. दानीएल रागावला नाही. त्याने कारभाऱ्याकडे फक्त दहा दिवसांची परीक्षा मागितली. वरच्या माणसाची भीती ओळखा, आणि त्याला झेपेल एवढंच मागा.

नहेम्याने पद मागितलं नव्हतं, काम मागितलं होतं. पद मागून आलं : तो यहूदाचा अधिपती झाला. आणि त्या १२ वर्षांत अधिपतीचा हक्काचा भत्तासुद्धा त्याने घेतला नाही, कारण लोकांवर आधीच फार भार होता. वर चढलेल्या माणसाची खरी पारख इथे होते.

आज स्वतःला विचारा : मी साहेबांकडे जे मागणार आहे, त्याने माझ्याशिवाय आणखी कोणाचं भलं होणार आहे?

प्रार्थना : हे प्रभू, ज्यांच्या हाताखाली मी काम करतो त्यांच्यासाठी मी आज प्रार्थना करतो. मला खुशामतीपासून आणि कडवटपणापासून राख. बोलायची वेळ ओळखायला शिकव, आणि बोलण्याआधी तयारी करायचा आळस माझ्यातून काढून टाक. आमेन.