एकाच आलेखात मुले आणि मुली

एक्सेलमध्ये हजेरीचा आलेख काढताना बऱ्याच जणांचं गाडं इथेच अडतं. ए स्तंभात इयत्ता (5 ते 8), बी मध्ये मुलांची सरासरी हजेरी, सी मध्ये मुलींची. सगळं सिलेक्ट करून लाइन चार्ट घेतला की रेषा येतात तीन! इयत्तेचे आकडेही एक्सेल माहितीच समजतं. ती रेषा नुसती डिलीट केली, तर खाली 1, 2, 3, 4 तसेच राहतात. त्यापेक्षा ए1 चा चौकोन रिकामा ठेवा आणि सिलेक्ट करताना तोही धरा. इयत्ता आपोआप आडव्या अक्षावर जाते.

मी आधी मुलामुलींची एकत्रच सरासरी लावायचो. रेषा फारशी हलत नसे. वेगळ्या केल्या, तेव्हा सातवीपासून मुलींची रेषा घसरलेली दिसली. पालकसभेत तोच कागद भिंतीवर लावला.