घरकामाच्या कॅलरी कुठल्या रकान्यात?

साहित्य: वजनकाटा, स्टॉपवॉच असलेला फोन, एक वही आणि कॅलरी मोजायचं जे ॲप वापरता ते. वेळ: मोजणीला दोन दिवस, आकडेमोडीला अर्धा तास, पडताळणीला महिना.

उत्तर आधीच सांगून टाकते. रोजचं घरकाम हिशेबात धरायचं, पण एकदाच, आणि तेही 'व्यायाम' या रकान्यात नाही. नेहमीपेक्षा वेगळं, अंगावर पडलेलं काम तेवढं वरून धरायचं. व्यायाम झाला की नाही, हा प्रश्न वेगळ्या पानावर सोडवायचा, कारण तिथे कॅलरी नाही, मिनिटं मोजतात. पुढची सगळी कृती या तीन वाक्यांसाठी आहे.

१. आधी पाया ठरवा

ॲप पहिल्यांदा उघडलं की ते वय, उंची, वजन विचारतं आणि मग हळूच एक प्रश्न टाकतं: दिवसभरात हालचाल किती? बैठी, हलकी, मध्यम, जास्त. हा प्रश्न आपण विमा फॉर्मवरच्या प्रश्नासारखा घाईघाईत भरून पुढे जातो. सगळी गडबड इथेच होते.

उदाहरण घेऊ. वय ४५, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ६० किलो अशी बाई. १९९० साली प्रसिद्ध झालेलं मिफ्लिन-सेंट जिओर यांचं सूत्र बरीच ॲप वापरतात. बायकांसाठी ते असं: वजनाला १० ने गुणा, उंचीला ६.२५ ने, दोन्हींची बेरीज करा, त्यातून वयाची पाचपट आणि आणखी १६१ वजा करा. या बाईचा आकडा ११८९ येतो. दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी शरीर एवढ्या कॅलरी जाळतंच. (पुरुषांसाठी १६१ वजा करण्याऐवजी ५ मिळवतात.)

आता 'बैठी' निवडलं तर या आकड्याला साधारणपणे १.२ ने गुणतात, म्हणजे १४२७. 'हलकी' निवडलं तर १.३७५ ने, म्हणजे १६३५. फरक २०८ कॅलरींचा. हा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून त्याभोवती गोल करून ठेवा, लवकरच तो परत लागणार आहे.

२. खरा वेळ मोजा

एक कामाचा दिवस आणि एक रविवार निवडा. स्टॉपवॉच हात चालू असतानाच चालू ठेवायचं. 'भांड्यांना अर्धा तास गेला' असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात दारावरची बेल, कुकरच्या शिट्टीकडे धावणं आणि ओल्या हाताने पाहिलेले दोन व्हॉट्सॲप निरोपही असतात.

पोळ्यांचंच बघा. कणीक घट्ट असेल तर मळताना खांद्यापासून जोर लागतो, श्वासही थोडा वाढतो, पण हे पाचेक मिनिटंच. लाटताना मनगटं आणि कोपर चालतात, पाय जागचे हलत नाहीत. तव्याशी उभं राहून पोळी फुगायची वाट पाहणं तर जवळजवळ विश्रांतीच, घाम येतो तो गॅसच्या धगीने. घाम आला म्हणजे कॅलरी जळल्या, हा समज या वहीपुरता तरी बाजूला ठेवा.

३. कामाला मेट लावा

कुठल्याही हालचालीला शरीर विश्रांतीच्या किती पट ऊर्जा वापरतं, ते सांगणाऱ्या एककाला मेट म्हणतात. गप्प बसून राहणं म्हणजे अंदाजे १ मेट, म्हणजेच दर किलो वजनामागे तासाला साधारण १ कॅलरी. बार्बरा एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये शेकडो कामांच्या मेटची यादी अमेरिकेत प्रसिद्ध केली, नंतर ती वेळोवेळी सुधारली. २०११ च्या आवृत्तीतले आपल्या कामाचे आकडे असे: उभ्याने भांडी घासणं १.८, इस्त्री १.८, साधा स्वयंपाक २, केर काढणं ३.३, अंथरुणं घालणं ३.३, उभ्याने लादी पुसणं ३.५, हाताने कपडे धुणं ४, गुडघ्यांवर बसून जोर लावून फरशी किंवा बाथरूम घासणं ६.५, सामान घेऊन जिना चढणं ७.५.

या यादीत आपल्याकडचं सगळं सापडत नाही. उकिडवं बसून फडक्याने मागे सरकत सरकत लादी पुसणं आणि दांडीच्या मॉपने पुसणं यात फरक आहे, हे ज्यांनी दोन्ही केलंय त्यांच्या मांड्यांना विचारा. अशा वेळी मी बोलण्याची कसोटी लावते. काम करताना सहज गाणं म्हणता येत असेल, तर काम हलकं. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तर मध्यम, म्हणजे ३ ते ६ मेट. चार शब्दांत दम लागतो, तर जोरकस.

४. विश्रांतीचा १ वजा करा

ही पायरी बहुतेक ॲप गाळतात. केर काढला नसता, तरी ती पंधरा मिनिटं तुम्ही जिवंत असताच आणि त्या वेळच्या कॅलरी पायाच्या आकड्यात आधीच मोजलेल्या आहेत. म्हणून सूत्र असं: मेट वजा १, गुणिले वजन, गुणिले तास.

आपल्या ६० किलोच्या बाईचा एक साधा दिवस: केर १५ मिनिटं, लादी २० मिनिटं, भांडी ३० मिनिटं, स्वयंपाक दीड तास. सूत्राने केराचे ३४, लादीचे ५०, भांड्यांचे २४, स्वयंपाकाचे ९०. एकूण २०० च्या आसपास. हेच काम १ वजा न करता ॲपमध्ये भरलं, तर आकडा ३५० च्या वर जातो.

आता कोपऱ्यातला गोल केलेला आकडा बघा. २०८. म्हणजे 'हलकी हालचाल' निवडली त्याच क्षणी दिवसभराच्या घरकामाचा हिशेब चुकता झाला. त्यावर पुन्हा केर, लादी, भांडी एकेक करून व्यायामात भरली, तर तेच काम दोनदा धरलं जातं. दिवसाला २०० कॅलरी जास्तीच्या खाल्ल्या गेल्या तर काय होतं? एक किलो चरबीमागे ७७०० कॅलरी हा ढोबळ हिशेब घेतला, तर अडतीस-एकोणचाळीस दिवसांत एक किलो. शरीर इतकं सरळ रेषेत चालत नाही, पण 'सगळं मोजून खाते तरी काटा हलत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच निघतं.

तेव्हा दोनपैकी एकच करा. एकतर 'हलकी' निवडा आणि रोजची कामं कुठेही भरू नका. नाहीतर 'बैठी' निवडा आणि प्रत्येक काम १ वजा करून भरा. पहिला मार्ग सोपा. दुसऱ्या मार्गाने महिनाभर नियमाने भरणारं माणूस मला अजून भेटायचंय.

इथे हिशेब थोडा अन्यायी वाटेल. देशभरच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ बिनपगारी घरकामात जातो, असं दिसलं. पुरुषांची ८८ मिनिटं. आता एरवी बैठं काम करणाऱ्या ७५ किलोच्या नवऱ्याने रविवारी हौसेने वीस मिनिटं लादी पुसली, तर त्याने ६२ कॅलरी व्यायामात खुशाल लिहाव्यात, कारण त्या त्याच्या पायात नव्हत्या. बायकोने रोज पुसलेली लादी मात्र कुठेच दिसत नाही. ती दिसत नाही कारण ती आधीच मोजलेली आहे. घरात कोणी या आकड्यांवरून फुशारकी मारू लागलं, तर त्याला ही पायरी वाचायला द्या.

कामाला येणाऱ्या मावशी चार-पाच घरी केर, लादी, भांडी करतात, त्यांना 'हलकी' लागू नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात ५५ किलोच्या बैठं काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला १६६० कॅलरी आणि मध्यम श्रमाच्या स्त्रीला २१३० धरल्या आहेत. त्यांच्या जेवणात काटछाट सुचवण्याआधी हे ४७० लक्षात असू द्या.

५. वरचं काम वरून धरा, पण अर्धं

दिवाळीआधी माळा रिकामा केला, डबे खाली काढून घासले, पंखे पुसले. सरासरी ३.५ मेटने दोन तास धरले, तर आपल्या उदाहरणात ३०० कॅलरी. वॉशिंग मशीन बिघडलं आणि चाळीस मिनिटं हाताने कपडे धुतले, तर १२०. ही कामं रोजची नाहीत, म्हणून ती व्यायामात लिहायला हरकत नाही. फक्त निम्मा आकडा लिहा. एक तर वेळ आपण नेहमी वाढवून सांगतो. दुसरं, अशा दिवशी दुपारी अंग टाकलं जातं, संध्याकाळचं फिरणं बुडतं. त्यातच जेवण बाहेरून मागवलं, तर रोजच्या स्वयंपाकाचे ९० सुद्धा झाले नाहीत, तेही वजा.

अंगाला जाणवणारे कष्ट आणि कॅलरी यांचं जमतंच असं नाही. लिफ्ट बंद आहे, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या आणि तीन मजले. वर पोचेपर्यंत छाती धपापते. दोन मिनिटांच्या १३ कॅलरी. चहात दोन चमचे साखर घातली, तर साखरेच्याच तीस-चाळीस होतात. म्हणजे पंधरा मिनिटांचा केर आणि ती साखर यांची फिटंफाट.

६. मनगटावरच्या घड्याळावर विसंबू नका

कोबी किसताना, ताक घुसळताना हात हलतो आणि घड्याळ त्याची पावलं मोजू शकतं. उलट मॉलमध्ये ट्रॉली ढकलत तासभर चाललात, तर हात स्थिर म्हणून पावलं गळतात. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात यंत्रं तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत त्यातलं सगळ्यांत बरं यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं. म्हणून ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन घड्याळाच्या कॅलरी आहारात आपोआप मिळवण्याची सोय बंद करा.

७. मिनिटांचं पान वेगळं

आता व्यायामाचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल सुचवते. पूर्वी सलग दहा मिनिटांची अट होती, २०२० च्या सूचनांत ती नाही. त्यामुळे या पानावर केर-लादी हक्काने येते, आणि पिशव्या घेऊन चढलेल्या जिन्याची दोन मिनिटंसुद्धा दुप्पट वजनाने येतात. स्वयंपाक, भांडी, इस्त्री इथे येत नाहीत, ती ३ मेटच्या खाली आहेत.

बोलण्याची कसोटी मात्र प्रामाणिकपणे लावा. उत्तर आयर्लंडमध्ये मेरी मर्फी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जास्त घरकाम नोंदवणारे लोक तुलनेने जाडच निघाले होते. कामाचा अंदाज फुगवला जात असेल किंवा त्याच्या बदल्यात जास्त खाल्लं जात असेल, असं त्याचं संभाव्य कारण दिलं गेलं.

शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या याच सूचनांत आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम आहे. तो घरकामात सहसा होत नाही. तीच बादली, तेवढंच पाणी वर्षानुवर्षं उचललं तर शरीराला ते सवयीचं होतं, वजन वाढवत नेणं तिथे नसतं. उठाबशा, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं यांना आठवड्यातले दोन वार ठरवून द्या.

८. महिन्याने काट्याला विचारा

सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. रोजच्या आकड्याकडे बघून जीव टांगणीला लावू नका, मीठ आणि पाळी दोन्ही त्यात ढवळाढवळ करतात. चार आठवड्यांत सरासरी हलली नाही, तर पायाचा आकडा १०० ने कमी करा. घरकामाचे आकडे पुन्हा उकरत बसू नका. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मोठ्या साफसफाईच्या दिवशी साखर एकदम उतरू शकते. त्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

आणि मावशी महिनाभर गावाला गेल्या, त्यांची सगळी कामं तुमच्याकडे आली, तर 'बैठी' वरून 'हलकी' वर जरूर या. त्या परत येतील त्या दिवसाचा गजरही तेव्हाच फोनमध्ये लावून ठेवा, कारण वर चढवलेला आकडा खाली आणायचं कोणालाच आठवत नाही.