ग्राहकाची शेवटची खरेदी कधी झाली? महिन्यानुसार तारीख काढायला शिका



महिन्याची एकूण विक्री ठीक दिसते, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण एखादा जुना ग्राहक गुपचूप दुसरीकडे गेला, तर तो एकूण आकड्यात दिसत नाही. तो दिसतो तारखेत. म्हणून आजचा धडा.

समजा, शीळफाट्यावर तुमचा पेपर कप आणि पॅकिंग मालाचा व्यवसाय आहे. कल्याण, मुंब्रा-पनवेल आणि महापे अशा तिन्ही रस्त्यांवर तुमचे ग्राहक आहेत. गुगल शीटमध्ये प्रत्येक बिलाची एक ओळ ठेवा: तारीख, ग्राहकाचा मोबाइल, नाव, रक्कम.

आधी डेटा साफ करा

- फाइल → सेटिंग्जमध्ये लोकेल ‘इंडिया’ ठेवा. अमेरिकेचं असेल तर 05/06 म्हणजे 5 जून न राहता 6 मे होतो!
- एकच ग्राहक दोन स्पेलिंगने लिहिला, तर शीट त्याला दोन माणसं समजते. म्हणून ओळख मोबाइल नंबरवरून ठेवा.
- रद्द झालेली बिलं काढून टाका. उधारी वसूल झाली ती तारीख खरेदीची नाही, ती या यादीत नको.

आता रिपोर्ट

1. इन्सर्ट → पिव्होट टेबल.
2. ‘रोज’मध्ये मोबाइल आणि नाव.
3. ‘कॉलम्स’मध्ये तारीख. मग टेबलमधल्या एखाद्या तारखेवर राइट क्लिक करून डेट ग्रुपमध्ये ‘इयर-मंथ’ निवडा.
4. ‘व्हॅल्यूज’मध्ये पुन्हा तारीख, आणि ‘समराइज बाय’मध्ये ‘मॅक्स’.

45000 च्या आसपासचे विचित्र आकडे दिसले तर घाबरू नका. शीट तारीख आतून आकड्यातच साठवते. फॉरमॅट ‘डेट’ करा, झालं.

मॅक्स म्हणजे सर्वात मोठी, म्हणजेच सर्वात अलीकडची तारीख. शेवटच्या ‘ग्रँड टोटल’मध्ये तारखांची बेरीज नसते, तिथे त्या ग्राहकाची एकूणातली शेवटची खरेदी दिसते.

वाचायचं कसं?

31 ऑगस्टला रिपोर्ट काढला, असं धरू:

- नाक्यावरची चहाची टपरी: 28 जून, 30 जुलै, 29 ऑगस्ट
- महाप्याचं कँटीन: 5 जून, 4 जुलै, 6 ऑगस्ट
- खिडकाळीचं पोळीभाजी केंद्र: 27 जून, 11 जुलै, ऑगस्ट रिकामा

कँटीनला 25 दिवस झाले, पण ते महिन्यातून एकदाच, सुरुवातीला माल भरतं. काळजी नाही. पोळीभाजी केंद्र मात्र दर आठवड्याला घ्यायचं, आणि आता 51 दिवस झाले. फोन तिथे करायचा! सगळ्यांना ‘30 दिवस’ हा एकच नियम लावू नका. प्रत्येक ग्राहकाची स्वतःची चाल बघा.

एक फसवी जागा

शेवटच्या खरेदीची रक्कम हवी म्हणून रकमेलाही मॅक्स लावाल, तर त्या महिन्यातलं सर्वात मोठं बिल मिळेल, शेवटचं नाही. रक्कम बघायची तर मूळ शीटमध्ये त्या ग्राहकाची त्या तारखेची ओळ शोधा.

गृहपाठ: गेल्या तीन महिन्यांची बिलं भरा, रिपोर्ट काढा आणि चाल मोडलेले पाच ग्राहक निवडा. फोनवर लगेच ऑफर देऊ नका. आधी विचारा, “दादा, बरेच दिवस माल नेला नाही, आमच्याकडून काही कमी पडलं का?” उत्तर त्याच शीटमध्ये ‘कारण’ नावाच्या कॉलममध्ये लिहा. पाचपैकी तिघांनी एकच कारण सांगितलं, तर पुढच्या महिन्यात सुधारायचं काय, ते तुम्हाला कळलं.