मुंगळे झाडावर चढू लागले की शेंडा तपासा

पावसानं उघडीप दिली की नांदेड-लातूरकडे कपाशीवर मावा दिसू लागतो. या दिवसांत शेतात फेरी मारताना पानांच्या आधी खोडाकडे नजर टाका. ज्या झाडावर मुंगळ्यांची सारखी ये-जा चालू आहे, त्यावर बहुतेक वेळा मावा किंवा पिठ्या ढेकूण सापडतोच. धुऱ्यालगतच्या ओळी आधी बघा. गाजर गवतावर वाढलेला पिठ्या ढेकूण तिथूनच आत शिरतो.

मुंगळा कपाशी खायला येत नाही, गोडासाठी येतो. झाडाच्या रसात साखर भरपूर, पण किडीला वाढीसाठी हवं ते नत्र अगदी थोडं. म्हणून मावा रस ओढतच राहतो आणि जादा साखर चिकट थेंबातून बाहेर टाकतो. शेंड्याजवळ वाकून थोडा वेळ बघा. मुंगळा मिशांनी माव्याच्या पाठीवर थोपटतो, थेंब येतो, तो पिऊन टाकतो. मग गुराख्यानं गुरं राखावीत तशी तो या कळपाची राखण करतो. ढालकिडा, क्रायसोपाची अळी, किडीच्या अंगात अंडी घालणारे बारीक परजीवी कीटक या सगळ्यांना हुसकावतो. खरं नुकसान इथं होतं. आपले मित्रकीटक शेतात असूनही त्यांना किडीपर्यंत पोचता येत नाही. वर, सांडलेल्या चिकट्यावर काळी बुरशी चढते आणि बोंडं फुटल्यावर कापूसही खराब होतो.

२००७ च्या सुमारास पिठ्या ढेकणानं देशातल्या अनेक भागांत कपाशीचं मोठं नुकसान केलं. पुढे तो आटोक्यात आला, त्यात एनासियस या इवल्याशा परजीवी कीटकाचा मोठा वाटा आहे. त्यानं टोचलेला ढेकूण फुगून तांबूस-तपकिरी आणि टणक होतो. असे ढेकूण बरेच दिसत असतील तर तिथं रासायनिक फवारणी करू नका. आणखी एक, काही ढालकिड्यांच्या अळ्या पिठ्या ढेकणासारख्याच पांढऱ्या असतात, पण त्या भराभर चालतात. त्यांना मारू नका.

मुंगळ्यांच्या बिळांत विषारी औषध ओतू नये, असं माझं ठाम मत आहे. मुंगळे वाळवी आणि बोंडअळीची अंडीही खातात. कीड काढली की मुंगळ्यांची ये-जा आपोआप कमी होते.

पिठ्या ढेकूण लागलेले शेंडे पिशवीत धरूनच तोडा आणि खोल पुरा. धुऱ्यावर टाकलेत तर पिलं परत कपाशीत येतील. गाजर गवत फुलायच्या आत उपटा. युरियाचा जादा हप्ता टाळा, कोवळ्या लुसलुशीत पाल्यावर मावा जोमानं वाढतो. सुरुवातीला फक्त लागण झालेल्या झाडांवर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. त्यासाठी ५ किलो निंबोळ्यांचा चुरा रात्रभर पाण्यात भिजवून गाळा, २०० ग्रॅम साबण मिसळा आणि एकूण द्रावण १०० लिटर करा. ढेकणाच्या अंगावरच्या मेणामुळे नुसतं पाणी घसरून जातं, म्हणून साबण वगळू नका. फवारा पानांच्या खालच्या बाजूनं बसला पाहिजे. पानामागे सरासरी १० मावा झाला तरच रासायनिक औषधाचा विचार करा, तोही कृषी सहायकांना विचारून आणि लेबलवरच्या मात्रेत. सिंथेटिक पायरेथ्रॉइड मात्र टाळा. त्यानं मित्रकीटक मरतात आणि रसशोषक किडी पुन्हा उसळतात.

पिठ्या ढेकूण सीताफळावरही येतो, पण तिथं बागेत मुंगळे अडवणं सोपं आहे. खोडाला प्लास्टिकचा पट्टा घट्ट बांधून त्यावर ग्रीस लावा, सालीवर थेट लावू नका. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा आणि खोडाजवळचं उंच गवत काढा, नाहीतर मुंगळे पट्टा सोडून त्या वाटेनं वर चढतील. ग्रीसवर धूळ बसली की नवा थर द्या.