वचनांनी निबंध भक्कम होतो का?

प्रश्न : मी बी.ए.ला आहे. 'मालगुजारी तलाव' या विषयावर दहा पानी निबंध लिहिला. भाषा अलंकारिक, थोरांची वचनेही भरपूर. तरी सरांनी 'मुद्दा काय?' असा शेरा मारून परत दिला. काय चुकले?
– एक विद्यार्थिनी, साकोली

उत्तर : घाबरू नका, फार थोडे चुकले आहे. 'मालगुजारी तलाव' हा झाला विषय. निबंधाला वाद घालता येईल असा दावा लागतो. उदाहरणार्थ, 1951मध्ये मालगुजारी (सारा वसूल करणाऱ्या गावमालकांची पद्धत) संपून त्यांचे तलाव सरकारकडे गेले आणि देखभालीची गावाची घडी विस्कटली. हे सिद्ध करायला 1908चे भंडारा गॅझेटियर पाहा (इंग्रज साहेबाच्या नजरेतून लिहिलेले आहे, जपून वापरा), पाण्याचे हक्क नोंदवणारे निस्तारपत्रक पाहा, तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातल्या गावच्या वयस्कर शेतकऱ्यांशी बोला. उलट बाजूही तपासा : विहिरी आणि पंप आल्यामुळेच तलावांकडे दुर्लक्ष झाले असेल तर? त्याला उत्तर देता आले की निबंध उभा राहिला.

वचने बहुतेक गाळा. घेतलेल्या प्रत्येक माहितीचा स्रोत मात्र तिथल्या तिथे द्या. नाहीतर ती उचलेगिरी ठरते. दहा पानांची सहा झाली तरी चालतील. दावा पहिल्याच परिच्छेदात लिहा आणि पुढचे लिहिण्याआधी तेवढा सरांना दाखवून घ्या.